नियम थोडे असले म्हणून डाव छोटा नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्सवर लेख आला, तो आमच्या घरात तीन जणांनी वाचला आणि पुतणीनं तर फोटो काढून सगळ्यांना पाठवला, कारण मराठी पेपरात ह्या विषयावर पान भरून काही येणं हीच आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण लेखात एक वाक्य होतं की थोड्या नियमांचे, वीसपंचवीस पानांचे गेम हे "एका संध्याकाळपुरते" ठीक असतात आणि वर्षानुवर्षं चालणारी कॅम्पेन करायची असेल तर जाडजूड पुस्तकांचेच गेम घ्यावे लागतात. हे वाचून मला राहवलं नाही, म्हणून हे पत्र. मी ठाण्यात राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, आणि २०२१ च्या जूनपासून घरी एक आड एक शनिवारी अशाच छोट्या गेमची एकच कॅम्पेन चालवतेय. आत्तापर्यंत ८२ सेशन झाली.

ज्यांना हे काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक जण गोष्ट पुढे नेणारा, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन बसतात, तुम्ही सांगता माझं पात्र काय करतंय, आणि जिथे धोका आहे किंवा काय होईल ते नक्की नाही तिथे फासे टाकायचे. एकाच बैठकीत संपलं तर वन-शॉट, आणि तीच पात्रं, तोच मुलूख घेऊन महिनोन्महिने चाललं तर कॅम्पेन.

आम्ही खेळतो तो गेम म्हणजे केर्न. योखाई गाल ह्यांनी तो २०२० मध्ये काढला, आणि २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. आम्ही अजून पहिलीच वापरतो. केर्न म्हणजे डोंगरवाटेवर खूण म्हणून रचलेली दगडांची रास, सह्याद्रीत ट्रेकवाले रचतात ना लगोरीसारखी, तीच. नियम फुकट मिळतात आणि लायसन असं आहे की कुणीही भाषांतर करून वाटू शकतो, म्हणून मी पहिल्याच महिन्यात त्याचं मराठी केलं. ते करताना मजा आली. मूळ गेमात गोष्ट चालवणाऱ्याला वॉर्डन म्हणतात, मी राखणदार केलं, कारण आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं आणि राखणदार म्हटलं की आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गेम घडतो एका गूढ दाट रानात, तर आमचं रान देवराई झालं. पात्राचे तीन गुण, त्यांना आम्ही बळ, चपळाई आणि धीर म्हणतो. आणि एचपी म्हणून जो आकडा असतो तो ह्या गेमात जीव किंवा रक्त नसतोच, तो घाव चुकवण्याचं कसब असतो, त्याला काय म्हणायचं ह्यावर दोन दिवस डोकं खाल्लं आणि मग नवरा चहा पिता पिता म्हणाला, "हुलकावणी म्हण की." तेव्हापासून हुलकावणी.

आता लेखातल्या मुद्द्याकडे येते. नियम थोडे म्हणजे दम थोडा, हे इतिहासातच बसत नाही. हा छंद सुरूच मुळात थोड्या नियमांवर झाला. अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्हिड वेस्लीनं १९६९ मध्ये ब्राउनस्टाइन नावाचा डाव मांडला, त्यातूनच डेव्ह आर्नेसननं १९७१ च्या सुमारास ब्लॅकमूर ही कॅम्पेन सुरू केली, आणि तेव्हा छापलेलं नियमपुस्तक नव्हतंच, तो काय ठरवेल तो नियम, लागेल तसं वहीत वाढवायचं. डंजन्स अँड ड्रॅगन्स त्यानंतर आलं, १९७४ ला, तेही तीन बारक्या पुस्तिका. पुढे त्याच गेमच्या पाचव्या आवृत्तीचं, २०१४ चं, नुसतं खेळाडूंसाठीचं पुस्तक ३२० पानांचं झालं. त्याच्याहीआधी प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या, सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला जो युद्धखेळ होता, राइस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याचा १८२४ चा, त्याचे नियम इतके किचकट झाले की १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी नावाच्या अधिकाऱ्यानं बरेचसे बाजूला काढले आणि निकाल अनुभवी पंचावर सोपवला. म्हणजे हा वाद दीडशे वर्षं जुना आहे. आणि १९७७ चा ट्रॅव्हलर हा गेम घ्या, तीन काळ्या छोट्या पुस्तिका, पात्रं फारशी "वाढत" नाहीत, तरी लोकांनी वर्षानुवर्षं खेळला.

लेख लिहिणाऱ्यांचा खरा प्रश्न मला वाटतं वेगळा आहे आणि तो बरोबर आहे. जाड गेममध्ये लेव्हल असतात, पहिलीपासून विसावीपर्यंत, दर काही सेशननी काहीतरी नवीन मिळतं, त्यामुळे लोकांना परत यावंसं वाटतं. केर्नमध्ये लेव्हल नाहीतच. मग चाळिसाव्या सेशनला माणूस कशासाठी येईल?

ह्याचं उत्तर मला पुतणीच्या म्हादीनं दिलं. म्हादी म्हणजे तिचं पात्र, पुतणी तेव्हा बारा वर्षांची होती. म्हादीची हुलकावणी होती ४. केर्नमध्ये वार हुकत नाही, तलवार उगारली की लागतेच, फाशावर फक्त किती लागलं ते येतं, आणि हुलकावणी जर बरोब्बर शून्यावर आली, ना कमी ना जास्त, तर पात्रावर कायमची खूण राहते, आणि कुठली खूण ते किती हुलकावणी गेली त्यावरून तक्त्यात बघायचं. म्हादीला ४ लागले, बरोब्बर शून्य, तक्त्यात चारवर मोडलेलं हाड. हात मोडला. बरा झाल्यावर नियमाप्रमाणे दोन फासे टाकले, ८ आले, म्हणजे तिची हुलकावणी आता ८, मोडून सावध झालेली पोरगी. पुढे दीडेक वर्षानं, सेशन ४४, देवराईतल्या विहिरीतून जे वर आलं त्यानं तिच्यावर झडप घातली, मी आठ बाजूंचा फासा सगळ्यांसमोर टाकला आणि ८ आले. पुन्हा बरोब्बर शून्य. तक्त्यात आठवर लिहिलंय, बहिरेपण. काहीतरी विलक्षण उपाय सापडेपर्यंत ऐकू येणार नाही, पण धीराची परीक्षा पास झालात तर धीर कायमचा वाढतो. ती पास झाली, धीर ९ चा १२ झाला. टेबलावर कुणी बोललं नाही, पुतणीनं शांतपणे पात्राच्या कागदावर लिहिलं, आणि मग म्हणाली, "काकू, आता ह्यापुढे गेममध्ये मला कुणी बोलून सांगायचं नाही, हातानं सांगायचं." तेव्हापासून ३८ सेशन झाली, आम्ही सगळे म्हादीशी खुणांनी बोलतो, आमच्या ठरलेल्या खुणाच साठेक झाल्यात, नदी, धोका, खोटं बोलतोय, भूक लागली. कुठल्या लेव्हलनं हे दिलं असतं सांगा. नवीन शक्ती मिळाली असती तर ती पुढच्या शक्तीपर्यंत लक्षात राहिली असती, हे बहिरेपण आमच्या टेबलाची भाषाच बदलून गेलं.

म्हणून मी म्हणते की छोट्या गेममध्ये पात्राची लेव्हल वाढत नाही, मुलूख बदलत जातो आणि माणसांवर खुणा राहत जातात, त्यासाठी लोक परत येतात. पण हे आपोआप होत नाही, त्याला वही लागते. माझं सगळं म्हणणं ह्या वहीबद्दलच आहे.

आमच्या शेजारचे काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, तिसऱ्या सेशनपासून खेळतात. त्यांनी स्वतःहून एक लाँगबुक आणलं आणि वेबिलासारखे, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदासारखे, रकाने आखले. तारीख, सेशन नंबर, कोण हजर, खेळातले किती दिवस गेले, कोण जखमी, कुणाला काय शब्द दिला, आणि शेवटी शिल्लक, म्हणजे अर्धवट राहिलेलं काय काय. मी तोपर्यंत नोट्स मोबाईलवर कशातरी ठेवत होते. काकांचा तो "कुणाला काय शब्द दिला" रकाना म्हणजे आमच्या कॅम्पेनचं इंजिन आहे. कारण बघा, ह्या गेममध्ये वार हुकत नाही म्हणजे मारामारी फार महाग पडते, त्यामुळे लोक आधी बोलून बघतात, लपतात, पळतात, तह करतात. तह केला की शब्द दिला जातो, शब्द दिला की तो कधीतरी पाळायला किंवा मोडायला लागतो. थोडे नियम, जीवघेणी मारामारी, त्यातून बोलणी, त्यातून देणीघेणी, आणि देणीघेणी संपतच नाहीत.

साकवाचीच गोष्ट सांगते. नवव्या सेशनला पाठलाग चुकवायला खेळाडूंनी नदीवरचा साकव तोडला, दोर कापले आणि पळाले, सगळे खूष. काकांनी शिल्लकमध्ये लिहिलं, साकव तुटला. मी पुढच्या वेळी विचार केला की आता पलीकडच्या गावाचं मीठ कसं येणार. तर होडीतून येणार. म्हणजे तरीवाल्यांना चांगले दिवस आले, मीठ महागलं, बाजार अलीकडच्या काठाला सरकला, पलीकडचं देऊळ ओस पडायला लागलं, आणि ओस पडलेल्या देवळात जे यायचं ते आलं. एवढं सगळं एका कापलेल्या दोरातून. सेशन ६० च्या आसपास ह्यांच्याकडे एका थडग्यातला भरपूर पैसा आला आणि छोट्या गेममध्ये ही खरी अडचण असते, पैशानं विकत घेण्यासारखं फार काही नसतं, माणसं सुस्तावतात. तेव्हा ऑफिसातली मैत्रीण म्हणाली की आपण तो साकव परत बांधू, दगडी बांधू. पाच सेशन त्यातच गेली. पाथरवट आणायचे, नदीच्या पलीकडच्या पाटलाला पटवायचं. आणि तरीवाल्यांनी विरोध केला, त्यांची तीन घरं त्यावर जगत होती. तिथे काका, जे एरवी खेळात कमी बोलतात, ते तरीवाल्यांच्या बाजूनं उभे राहिले. म्हणाले, "एक गाडी बंद झाली ना, की स्टँडवरच्या चहावाल्याचं काय होतं ते मी बघितलंय." तासभर चर्चा झाली, एकही फासा पडला नाही. शेवटी ठरलं की पुलाची पट्टी गोळा करायचं काम तरीवाल्यांच्या घरांना. माझ्या मते ते आमचं सगळ्यात चांगलं सेशन होतं.

आता जिथे चुकलं तेही सांगते, कारण लेखातली भीती काही उगाच नाहीये. नियम थोडे असले की राखणदाराला जागच्या जागी निर्णय द्यावा लागतो, आणि लांब कॅम्पेनमध्ये हेच निर्णय अंगावर येतात. सहाव्या सेशनला मी पुतणीला दोर आहे म्हणून कडा फाशाशिवाय चढू दिला होता. सतराव्या सेशनला तसाच कडा, तसाच दोर, आणि मी काकांना चपळाईचा फासा टाकायला लावला, तो फसला, ते पडले, बळ गेलं. काका चिडले नाहीत, पण कागद आवरताना म्हणाले, "ताई, एकाच रस्त्याला दोन भाडी कशी?" मला रात्रभर झोप लागली नाही. चूक माझी होती आणि ती नियम कमी असल्यामुळे नव्हती, मी काय ठरवलं होतं ते लिहून न ठेवल्यामुळे होती. मग त्याच लाँगबुकच्या मागच्या बाजूनं आम्ही निवाडे लिहायला लागलो. दोर आणि वेळ दोन्ही असेल तर चढायला फासा नाही, पाऊस असेल तर आहे. केर्नमध्ये सामानाला दहाच कप्पे असतात, त्यावरून, ओला दोर दोन कप्पे घेतो. मूल पाठीवर घेतलं तर तीन कप्पे. रात्री देवराईत कुणाचं नाव घेऊन हाक मारली तर काय होतं, तेही तिथे आहे. एकदा लिहिलं की तो निवाडा मलाही बांधून ठेवतो.

पण त्यातही धोका आहे. दोन वर्षांत ४३ निवाडे झाले आणि एका संध्याकाळी मी चक्क वही उलटत बसले, बाकीचे वाट बघत, म्हणजे आम्ही आमचं स्वतःचं जाड पुस्तक तयार करायला लागलो होतो. तेव्हापासून दर दिवाळीत एक सेशन खेळायचं नाही, फराळ करायचा आणि सगळे निवाडे मोठ्यानं वाचायचे, जे वर्षभर लागले नाहीत ते खोडायचे. आज १९ शिल्लक आहेत. ज्यांना अशी कॅम्पेन चालवायचीय त्यांनी बाकी काही नाही तरी हे एवढं करावं, लिहा आणि वर्षातून एकदा खोडा.

बाकीच्या अडचणी तशा सुटतात. माणूस मेला तर? एकतिसाव्या सेशनला नवऱ्याचं पात्र मेलं, परत जिवंत वगैरे काही नाही, पण ह्या गेममध्ये नवीन पात्र दहा मिनिटांत होतं, तो त्याच संध्याकाळी मेलेल्याचा धाकटा भाऊ होऊन आला आणि भावाचा कंदील मागून घेतला, तो कंदील अजून आहे. पुतणीची दहावी आली तेव्हा आम्ही खेळातही चातुर्मास लावला, पावसात वाटा बंद, सगळे एका धर्मशाळेत अडकलेले, आणि परीक्षा संपल्यावर काकांनी वहीतली शिल्लक वाचून दाखवली आणि दहा मिनिटांत सगळे परत रानात. मैत्रिणीचा भाऊ जर्मनीला गेला तो व्हिडिओवर खेळतो, तिकडे दुपार असते, तो म्हणतो की पंधरा दिवसांत सलग तीन तास मराठी बोलायला मिळतं ते एवढंच. माझ्यावरही ताण येतो हे खरंय, सगळं सुचवायचं म्हणजे डोकं रिकामं होतं, पण मी गोष्ट लिहून आणत नाही, फक्त कागदावर लिहिते की तरीवाल्यांना आत्ता काय हवंय, गुरवाला काय हवंय, विहिरीतल्याला काय हवंय. शेवट मला माहीत नसतो आणि माहीत नसावा असं माझं मत आहे.

एक शेवटची गोष्ट, आणि ही तक्रार म्हणा किंवा विनंती. दोन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका वाचनालयात विचारायला गेले की शनिवारी दुपारी तुमचा हॉल रिकामा असतो, तिथे मुलांसाठी आम्ही एक टेबल मांडू का, फुकट, मराठीत. तिथल्या गृहस्थांनी पिशवीतले फासे बघितले आणि म्हणाले इथे जुगार चालणार नाही. मी समजावून सांगितलं, भाषांतर दाखवलं, नाही म्हणजे नाही. मला त्यांचा राग नाही, फासे म्हटलं की आपल्याकडे द्यूतच आठवतं. पण आपल्या पेपरनं लिहिलं तर फरक पडेल. एवढं छापा की ह्याला महागडी पुस्तकं लागत नाहीत, केर्नसारख्या गेमचे नियम फुकट आहेत, कायद्यानं मराठीत आणून वाटता येतात, मूठभर फासे, पेन्सिल आणि एक दोनशेपानी वही एवढ्यावर चार वर्षं निघतात. आणि वाचनालयांना सांगा की एक टेबल द्या. बाराव्या वर्षापासून खेळणारी मुलगी, रिटायर कंडक्टर आणि बँकेचे हप्ते भरणारी आम्ही माणसं एका टेबलावर बसून एका पुलाबद्दल तासभर भांडतो, असं दुसरं कुठे होतं मला माहीत नाही.

ह्या शनिवारी ८३ वं सेशन आहे. पुलाचा पहिला पावसाळा आहे, वरच्या अंगाला खूप पाऊस झालाय, आणि रात्रीची पट्टी घ्यायला म्हादी एकटी पुलावर बसलीये. तिला पाण्याचा आवाज ऐकू येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. बुधवारपासून काकांचे दोन फोन येऊन गेले की पट्टीच्या चौकीवर कंदील कुणी ठेवला होता का ते वहीत सापडत नाहीये.

आपली एक वाचक,
ठाणे